परमिट रूमची पाटी लागण्यापूर्वी

नवरा-बायकोने रस्त्यालगतचा एक गाळा हेरून ठेवलेला असतो. नवऱ्याने दहा-बारा वर्षे दुसऱ्याच्या हॉटेलात गल्ला सांभाळलेला, बायकोच्या हातच्या मटणाची नातेवाइकांत ख्याती. साठवलेले पैसे काढले जातात, बँकेचे कर्ज होते आणि तरीही कमी पडते म्हणून शेवटी बांगड्या सोनाराकडे जातात. एवढ्यात कुणी तरी अनुभवी माणूस सल्ला देतो, ‘नुसत्या जेवणावर हॉटेल चालत नाही हो. परमिट रूम काढा.’ गाळ्याचा करार होतो, फर्निचर येते, भिंतींना रंग लागतो, आणि परवान्याचा अर्ज मात्र सर्वांत शेवटी केला जातो.

महाराष्ट्रात असा उलटा प्रवास करणारे थोडे नाहीत. किराणा दुकान काढावे तसेच हेही एक दुकान, कागदपत्रे दिली, फी भरली की झाले, अशी त्यांची समजूत असते. पण ज्या कायद्याखाली हा परवाना मिळतो त्याचे नावच मुळी ‘दारूबंदी अधिनियम’ असे आहे. तत्कालीन मुंबई राज्याने हा कायदा १९४९ मध्ये केला. साठच्या दशकात बंदी सैल झाली, कायदा मात्र कायम राहिला. म्हणजे महाराष्ट्रात दारू ही आजही मूळची निषिद्ध वस्तू आहे आणि परवाना म्हणजे त्या निषेधातून सरकारने दिलेली सूट. ‘परमिट रूम’ हे नावही त्यातूनच आले. कायद्याप्रमाणे पिणाऱ्याकडेसुद्धा परमिट असावे लागते. बियर आणि वाइनसाठी वयाची अट एकवीस वर्षांची, इतर मद्यासाठी पंचविसाची. कोपऱ्यातल्या टेबलावर बसणाऱ्या कितीजणांना हे ठाऊक असते, हे न विचारलेलेच बरे.

दारूचा धंदा करणे हा नागरिकाचा मूलभूत हक्क नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली खोडे डिस्टिलरीजच्या खटल्यात स्पष्ट केले. ज्याला बांगड्या मोडायच्या आहेत त्याने हे वाक्य आधी नीट समजून घ्यावे. ‘मी सगळ्या अटी पुऱ्या केल्या, आता मला परवाना द्याच’ असा हट्ट इथे चालत नाही.

टेप घेऊन मोजा

विदेशी मद्य बसून पिण्याच्या जागेसाठी लागतो तो ‘एफएल-३’ परवाना. त्यासाठी अर्ज जिल्ह्याच्या राज्य उत्पादन शुल्क अधीक्षकांच्या कार्यालयात जातो, मंजुरीचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांचा. जागेची मालकी किंवा भाडेकरार, नकाशा, उपाहारगृहाचे परवाने, पोलिसांकडून चारित्र्याची पडताळणी, गावात असल्यास ग्रामसभेचा ठराव, अशी कागदांची फाइल जाडजूड होत जाते. कागद एक वेळ पुन्हा मिळवता येतात, पण बहुतेकांचे घोडे अडते ते जागेपाशी, आणि जागा उचलून दुसरीकडे नेता येत नाही.

शाळा-कॉलेज, धार्मिक संस्था किंवा एस.टी. स्थानक यांच्यापासून पंचाहत्तर मीटरच्या आत परमिट रूम असू नये, असा नियम आहे. हे अंतर गच्चीवर उभे राहून अंदाजाने ठरत नाही. पादचारी ज्या जवळच्या वाटेने सर्वसाधारणपणे जातो त्या वाटेने, हॉटेलच्या प्रवेशद्वाराच्या मध्यापासून समोरच्या संस्थेच्या फाटकाच्या मध्यापर्यंत ते मोजले जाते. त्यामुळे मागच्या भिंतीला भिंत लागून असलेली शाळाही काही वेळा वाटेने लांब भरते, आणि दूर वाटणारे देऊळ बोळातून जवळ निघते. नियमातली धार्मिक संस्था म्हणजे मुख्यतः नोंदणीकृत सार्वजनिक न्यासाची संस्था. पारावरचा शेंदूर लावलेला दगड त्यात बसत नाही. पण गल्लीतले छोटे मंदिर ज्या मंडळाचे, त्या मंडळाने न्यास नोंदवला आहे की नाही, हे धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात जाऊन बघावे लागते. घरमालक हे सांगत नाही. त्याला भाडेकरू हवा असतो.

महामार्गाजवळच्या जागेची गोष्ट आणखी वेगळी. सर्वोच्च न्यायालयाने १५ डिसेंबर २०१६ रोजी राष्ट्रीय व राज्य महामार्गांपासून पाचशे मीटरच्या आतली दारूविक्री बंद करण्याचा आदेश दिला. १ एप्रिल २०१७ पासून तो लागू झाला आणि रस्त्याकडेच्या कितीतरी बारची शटरे ओढली गेली. वीस हजारांपर्यंत लोकसंख्येच्या गावांसाठी हे अंतर पुढे दोनशेवीस मीटर झाले. शहरांच्या हद्दीतल्या परवान्यांना त्या आदेशाची आडकाठी नाही, असा खुलासा जुलै २०१७ मध्ये झाला. मधल्या काळात केरळमधल्या एका बारने आपल्या आवारात वळणावळणाच्या भिंती बांधून आत जायची वाट लांबवली होती! त्या वेळी लोक हसले. पण ज्यांचे कर्जाचे हप्ते चालू होते, त्यांना त्या भिंतींमागची धडपड नक्कीच कळली असेल.

भाडे मात्र थांबत नाही

फाइल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जात असताना गाळ्याचे भाडे दरमहा द्यावेच लागते. म्हणूनच या व्यवसायातली मुरलेली माणसे भाडेकरारात ‘परवाना न मिळाल्यास करार रद्द’ असे कलम घालून घेतात. नवखा माणूस संकोचाने गप्प बसतो. मग दलाल भेटतो. ‘साहेबांशी ओळख आहे, महिन्यात काम करून देतो.’ त्याला दिलेल्या पैशाची पावती नसते आणि नकार आला तर तो फोन उचलत नाही.

परवाना मिळाल्यावरही खर्च संपत नाही. परवान्याचे वर्ष एप्रिल ते मार्च, दरवर्षी नूतनीकरण, आणि फी गावाच्या लोकसंख्येप्रमाणे. साठ्याची रोजची नोंद ठेवावी लागते, वेटरांचे ‘नोकरनामे’ करून घ्यावे लागतात. कोरड्या दिवशी बार बंद, पगार चालू. परमिट रूममधल्या मद्यावरचा व्हॅट १ नोव्हेंबर २०२३ पासून पाचावरून दहा टक्के झाला. २०२५ मध्ये परवाना शुल्क व उत्पादन शुल्क दोन्ही वाढले, तेव्हा १४ जुलै रोजी राज्यातल्या बारमालकांनी एक दिवसाचा बंद पाळला. हा हिशेब वहीवर मांडल्याशिवाय ‘परमिट रूममध्ये पैसाच पैसा’ म्हणणाऱ्यांवर विश्वास ठेवणे भाबडेपणाचे आहे.

आडवी बाटली

सरकारच्या परवान्यापुढे आणखी एक परवानगी असते आणि ती शेजारच्या घरांची. महाराष्ट्रात २००८ च्या आदेशानुसार गावातल्या किंवा प्रभागातल्या पंचवीस टक्के महिला मतदारांनी सह्यांची मागणी केली, तर दारूच्या दुकानाबाबत गुप्त मतदान घेता येते. मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली अशी चिन्हे असतात. आडवीला नुसते जास्त मत पडून भागत नाही, एकूण मतदारांच्या निम्म्याहून अधिक मते लागतात. मतदानाला न आलेली बाई जणू उभ्या बाटलीच्या बाजूलाच मोजली जाते. म्हणूनच बायकांना दारोदार फिरावे लागते. नवऱ्याचा मार खाल्लेल्या, घरातली भांडी विकलेली पाहिलेल्या बायका त्यासाठी मजुरी बुडवून रांगेत उभ्या राहतात. परवाना कायदेशीर आहे, कर भरला आहे, हे उत्तर त्यांना पुरत नाही आणि का पुरावे?

शहरातही वारे तेच आहे. सोसायटीतल्या गाळ्यात नवे बियर किंवा दारूचे दुकान काढायचे तर सोसायटीचे ना हरकत प्रमाणपत्र लागेल, असे राज्य सरकारने मार्च २०२५ मध्ये विधानसभेत जाहीर केले. शेजाऱ्यांना अंधारात ठेवून पाटी लावणाऱ्याला वर्षभरात तक्रारअर्जांची उत्तरे देत बसावे लागते. आधी जाऊन बोलणारा निदान विरोध किती आहे ते जाणून तरी घेतो, आणि मोठा असेल तर बांगड्या घरातच राहतात.

बांगड्या मोडायच्याच असतील तर परवान्यावर नाव कुणाचे, हेही अर्ज करतानाच ठरवायला हवे. परवाना हा घर-जमिनीसारखा वारसाने आपोआप हाती येत नाही. नावात बदल करायचा, भागीदार घ्यायचा वा वगळायचा, तरी पुन्हा मंजुरी लागते. पैसे बायकोचे, कर्जाला जामीन बायकोचा भाऊ आणि परवाना एकट्या नवऱ्याच्या नावे, अशा फाइलीत पुढे काही बरेवाईट झाले, तर बाईला पहिल्या पानापासून सुरुवात करावी लागते.