मांडवीकाठची सोंगं

पणजीला जुन्या सचिवालयाच्या अंगाला एक काळपट पुतळा उभा आहे. पायघोळ झग्यातला पाद्री पुढे वाकलेला, दोन्ही हातांची बोटं ताणलेली, आणि त्या हातांखाली एक बाई मागच्या मागे कोसळत चाललेली. पाटी न वाचणाऱ्याला वाटतं, कुठल्यातरी खुनाचा देखावा आहे. प्रत्यक्षात तो कांदोळीत १७५६ साली जन्मलेला आबे फारिया, संमोहनशास्त्राच्या आद्य पुरुषांपैकी एक. पुतळा मडकईचे शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडवला आणि तो १९४५ पासून इथे आहे. त्याच्यासमोर रस्ता, रस्त्यापलीकडे मांडवी, आणि संध्याकाळ झाली की मांडवीत उजळणारी कॅसिनोची जहाजं.

गोव्याला जाणारा आपल्याकडचा माणूस हल्ली ही जहाजं पाहतोच. परभणी-सेलूकडचे तरुण गट करून जातात, परत आल्यावर महिनाभर त्याच गप्पा. कोण किती हरला हे कुणी सांगत नाही. ‘वर शो काय भारी होता’ हे मात्र सगळे सांगतात. म्हणून हा स्थळपरिचय पत्त्यांच्या टेबलांचा नाही, त्या शोचा आहे. शिवाय फारियाच्या पुतळ्यापासून कांपालच्या कला अकादमीपर्यंतच्या दोनेक किलोमीटरच्या नदीकाठाचाही आहे, कारण एवढ्या पट्ट्यात नक्कल आणि विनोद या धंद्याच्या निरनिराळ्या तऱ्हा पायी फिरून समजतात.

आधी जहाजं इथे आली कशी ते सांगतो. गोव्याचा जुगारबंदीचा कायदा १९७६ चा. त्यात १९९२ साली दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरच्या खेळांना मुभा मिळाली. १९९६ च्या दुरुस्तीने पाण्यावरच्या जहाजांत टेबलावरचे खेळही चालतील असं ठरलं. नव्या शतकाच्या तोंडावर ‘काराव्हेला’ आली आणि मग एकामागून एक जहाजं. आज नदीत सहा कॅसिनो आहेत. ती हलवण्याची भाषा दर निवडणुकीत होते आणि निवडणुकीनंतर मुदतवाढ मिळते. गंमत म्हणजे महाराष्ट्रानेही त्याच १९७६ साली कॅसिनोंचा कायदा केला होता. तो कधी अमलातच आणला नाही, आणि २०२३ मध्ये सरकारने तो रद्द करण्याचा निर्णय घेतला. त्यामुळे आपल्याकडची हौस मांडवीवर जाऊन भागते. खुद्द गोंयकारांना मात्र १ फेब्रुवारी २०२० पासून तिथे खेळायला मनाई आहे. नदी त्यांची, जहाजं त्यांच्या दारात, आणि खेळणारे सगळे बाहेरगावचे. शोचं सगळं गणित या एका गोष्टीवर बेतलेलं आहे.

धक्क्यावर पैसे भरले की मनगटाला पट्टी बांधतात आणि छोट्या होडीतून जहाजावर नेतात. त्या पैशांतच जेवण, पेयं, एकदाच लावता येईल अशी थोडी चकत्यांची (चिप्सची) रक्कम आणि करमणूक. म्हणजे विनोदवीराचं तिकीट वेगळं नाही. पनीर टिक्क्याच्या जोडीला तो मिळतो. ही गोष्ट नटाच्या दृष्टीने फार वाईट. नाट्यगृहात माणूस तुमच्यासाठी पैसे मोजून येतो, रुसला तरी खुर्चीत बसून रुसतो. इथे समोरचा माणूस ताट घेऊन उठतो, आणि खालच्या मजल्यावर त्याचं नशीब त्याची वाट बघत असतं.

मी पाहिलेला नकलाकार या कसोटीला चांगला उतरला. काळा चकचकीत कोट, हातात माईक, सोबत कुणी नाही. पहिली पाच मिनिटं त्याने एकही नक्कल केली नाही. ‘हैदराबादवाले किधर? बेळगाव? सुरत?’ अशी नुसती हजेरी घेतली. ती टाळ्यांसाठी नव्हती; समोर कोण बसलंय याचा अंदाज तो घेत होता. मग पाठ फिरवली, केसांतून एकदा हात फिरवला, खांदे जरा वर चढवले आणि वळला तो नाना पाटेकर होऊनच. तोंडातून शब्द निघण्याआधी हशा आला होता. नक्कल आवाजात असते असं आपण म्हणतो, पण हा माणूस निम्मं काम मानेने करत होता. अमिताभसाठी त्याने हनुवटी छातीत घातली, शाहरुखसाठी बोलण्याआधी एक श्वास जास्त घेतला. एकेकाला अर्धा मिनिट, त्याहून जास्त नाही. हशा पूर्ण विरायच्या आत पुढचा माणूस हजर.

पण नावं बघा. अमिताभ, शाहरुख, नाना, सनी देओल, शक्ती कपूर. यातलं एकही नाव गोव्याचं नाही आणि सिनेमाच्या बाहेरचंही नाही. हैदराबादच्या व्यापाऱ्याला, सुरतच्या हिरेवाल्याला आणि दिल्लीच्या नवविवाहित जोडप्याला एकाच वेळी ओळखीचा असा माणूस सिनेमातच सापडतो. नक्कल करणारा कितीही तयारीचा असो, मूळ माणूस प्रेक्षकाने पाहिलेला नसेल तर ती नक्कल उरत नाही, नुसता चमत्कारिक आवाज उरतो. म्हणून जहाजावरच्या नकलाकाराचा पोतडा वीस वर्षांत फारसा बदललेला नाही. दोष त्याचा नाही. एकमेकांना अनोळखी अशी माणसं एका खोलीत बसवली, तर त्यांची सामायिक ओळख तेवढीच निघते.

हा साचा जिथून आला त्या लास व्हेगासचं गणितही असंच होतं. १९५२ साली उघडलेल्या सँड्स हॉटेलचं ‘कोपा रूम’ हे तिथलं नावाजलेलं शोरूम. १९६० मध्ये फ्रँक सिनात्रा, डीन मार्टिन, सॅमी डेव्हिस ज्युनियर या मंडळींनी तिथेच एकत्र धुमाकूळ घातला. सॅमी डेव्हिस नाचगाण्याइतक्याच नकलाही करायचा. त्या काळी करमणूक तोट्यात चालवायची आणि तोटा टेबलांवर भरून काढायचा, असा उघड हिशेब होता. मोठ्या शोरूमशिवाय टेबलांना खेटून ‘लाउंज’ असायचं. सहारा हॉटेलच्या अशाच लाउंजमध्ये डॉन रिकल्स १९५९ पासून प्रेक्षकांचाच पाणउतारा करून त्यांना हसवायचा. पुढे डॅनी गॅन्स हा शेकडो आवाज काढणारा कलावंत २००० ते २००८ मिराज हॉटेलमध्ये होता. २००९ मध्ये त्याच थिएटरात टेरी फेटर आला, जो बोलक्या बाहुल्यांच्या तोंडून मोठमोठ्या गायकांच्या आवाजात गातो. म्हणजे तिथे नकलाकाराच्या नावाने थिएटर उभं राहिलं, लोक त्याच्यासाठी तिकीट काढून आले. मांडवीवर अजून ते झालेलं नाही. इथला कलावंत निनावीच असतो, फलकावर जहाजाचं नाव मोठं. मिराजही जुलै २०२४ मध्ये बंद झालं, तो भाग वेगळा.

आता पुन्हा पुतळ्याकडे. फारियाचा आणि विनोदी रंगभूमीचा संबंध बहुतेक गोवा-गाइडांना ठाऊक नसतो, आणि तो त्या पाटीवरच लिहिला पाहिजे असं माझं मत आहे. दंतकथा अशी सांगतात की, लिस्बनला राणीच्या चॅपलमध्ये तरुण फारिया प्रवचनाला उभा राहिला आणि समोरचे सरदार-दरकदार बघून त्याची बोबडी वळली. जवळच बसलेल्या बापाने कोंकणीत हळूच सांगितलं, ही सगळी भाजी आहे, कातर रे भाजी! पोराची भीड चेपली आणि प्रवचन सुरळीत झालं. खरं असो-नसो, रंगमंचावर पहिल्यांदा चढणाऱ्या कुणालाही याहून चांगला सल्ला मिळणार नाही.

पुढे पॅरिसमध्ये १८१३ पासून फारियाने क्लिशी रस्त्यावरच्या जागेत पाच फ्रँक फी घेऊन संमोहनाचे जाहीर प्रयोग सुरू केले. माणसाला झोप लागते ती प्रयोग करणाऱ्याच्या अंगातल्या कुठल्या चुंबकी शक्तीने नाही, तर ज्याच्यावर प्रयोग होतो त्याच्याच मनाच्या तयारीने, असं त्याचं म्हणणं होतं. काळाच्या पुढचं म्हणणं. गर्दी लोटली, टीकाही झाली. मग एका नटाने डाव साधला: प्रयोगाला येऊन झोपेचं सोंग घेतलं आणि ऐन वेळी डोळे उघडून सगळ्यांसमोर पाद्र्याची फजिती केली. १८१६ साली व्हारिएते नाट्यगृहात ‘ला मान्येतिस्मोमानी’ नावाचं प्रहसन आलं आणि त्यात खुद्द फारियाचीच टिंगल होती. म्हणजे कांदोळीच्या माणसाची नक्कल बघायला पॅरिसची जनता पैसे मोजून जात होती. त्याचे प्रयोग त्यानंतर बसले ते बसलेच. १८१९ मध्ये त्याचं पुस्तक आलं आणि त्याच वर्षी तो गेला. अलेक्झांडर ड्यूमाने ‘काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो’ मध्ये त्याचं नाव अजरामर केलं, पण तोही फारिया खरा नव्हे, कादंबरीकाराने उभं केलेलं सोंगच. नकलेत केवढी ताकद असते आणि ती कुणाला कशी पुरून उरते, हे या पुतळ्याइतकं कुठल्याच जहाजावर कळत नाही.

आपल्याकडे ही कला दारावर यायची. वालूर-सेलूच्या पट्ट्यात बहुरूपी पोलिसाचा वेश करून वाड्यात शिरायचा, घरधन्याला ‘चला ठाण्यात’ म्हणून दरडावायचा, आणि शेवटी कळल्यावर सगळा वाडा हसायचा. त्याला गाव ठाऊक असे, कोण कुणाला भितो तेही ठाऊक असे. मराठवाड्याच्या मातीतून याच कलेचं सर्वांत मोठं रूप निघालं ते लक्ष्मण देशपांडे यांचं ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’. १९७९ पासून एकटा माणूस मंचावर उभा राहून ५२ व्यक्तिरेखा उभ्या करायचा, ना नेपथ्य, ना वेशांतर. गिनीज बुकाने त्याची नोंद घेतली. औरंगाबादच्या विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवणाऱ्या या माणसाच्या नकलेत एकही सिनेनट नव्हता. आपल्या गावची, आपल्या बोलीची माणसं होती, आणि जिथे जिथे मराठी प्रेक्षक होता तिथे तिथे ती ओळखीची ठरली. जाता जाता सांगायला हरकत नाही की आज महाराष्ट्रात नकलेला सर्वांत मोठी फुकट गर्दी जमते ती राज ठाकरे यांच्या सभेत. तिथेही कारण तेच: ज्याची नक्कल चाललीय त्याला समोरचा प्रत्येक जण ओळखतो.

जहाजांचे धक्के मागे टाकून नदीकाठाने चालत राहिलं की कांपालला कला अकादमी लागते. चार्ल्स कोरिया यांची ही वास्तू १९८३ मध्ये पुरी झाली. बुटकी, पसरलेली, रस्त्यावरून थेट आत नदीपर्यंत चालत जाता येईल अशी. आतल्या दीनानाथ मंगेशकर कलामंदिराच्या भिंतींवर मारिओ मिरांडा यांनी जुन्या नाट्यगृहातले सज्जे आणि त्यात बसलेले गोंयकार रंगवले. प्रयोगाला गर्दी नसली तरी नटाला दोन्ही बाजूंनी प्रेक्षक दिसतात, अशी ही चावट योजना. मध्यंतरी दुरुस्तीसाठी वास्तू दोनेक वर्षं बंद होती. जुलै २०२३ मध्ये खुल्या रंगमंचाचं छत कोसळल्याने बराच गदारोळ झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरात ती पुन्हा उघडली.

इथे कोंकणी तियात्र लागलं असेल तर सोडू नये. तियात्राचा पहिला प्रयोग १७ एप्रिल १८९२ रोजी झाला, आणि तो गोव्यात नव्हे तर मुंबईत: लुकाझिन रिबेरो यांचा ‘इटालियन भुरगो’. पोटापाण्यासाठी मुंबईत राहणाऱ्या गोंयकारांनी उभा केलेला हा प्रकार. नाटकाचे पडदे, म्हणजे अंक, आणि मधे मधे कथेशी संबंध नसलेली कांतारं, म्हणजे गाणी. कुणी एकजण येतो, बँडच्या तालावर मंत्र्यापासून पंचायतीपर्यंत सगळ्यांना सोलून काढतो आणि निघून जातो. मग विनोदी जोडी. यातला कॉमेडियन आमदाराच्या चालण्याची नुसती दोन पावलं टाकतो तर सभागृह उसळतं, आणि परगावच्या पाहुण्याला काहीच कळत नाही. जहाजावर जे मुळीच चालणार नाही तेच इथे सर्वांत जास्त चालतं. मराठी माणसाला कोंकणी निम्मी समजते; उरलेली शेजारच्या खुर्चीतल्या आजींच्या हसण्यावरून समजते. कॅसिनोतला नकलाकार कारागीर म्हणून उजवा असेल, मला तो वाटलाच. पण त्याला कुणाचं काही बिघडवता येत नाही. तियात्रवाला बिघडवू शकतो, म्हणून त्याचा विनोद जास्त खरा.

जाणाऱ्यांसाठी थोडं व्यवहाराचं. जहाजावर खेळायला वयाची २१ वर्षं पुरी लागतात, ओळखपत्र जवळ ठेवा. कॅसिनोवरचा वस्तू व सेवा कर आधी २८ टक्के होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के झाला, तेव्हा जुन्या दरांच्या ऐकीव माहितीवर विसंबू नका. शो बघायचा असेल तर लवकर जा आणि मंचाजवळची जागा धरा. मागे बसलात तर फक्त ताटं ऐकू येतील. फारियाचा पुतळा कधीही, फुकट. आणि जहाजाचे पैसे भरण्याआधी कांपालपर्यंत एक चक्कर मारून कला अकादमीच्या फलकावर त्या संध्याकाळी काय आहे ते वाचा. तियात्र असेल तर जहाज दुसऱ्या दिवशीही तिथेच असतं.