हात बसला, हे कशावरून?

प्रयोगशाळेत नवीन आलेल्या प्रत्येकाला एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं : "करत राहा, हळूहळू हात बसेल." मलाही मिळालं होतं. मी ते इतकं मनावर घेतलं, की शेवटी सहा महिन्यांचा डेटा बाजूला ठेवावा लागला. ती गोष्ट पुढे सांगतेच. आधी एक वेगळं टेबल बघू, कारण 'सरावाने हात बसतो' हे वाक्य तिथे जितकं स्वच्छ तपासता येतं, तितकं प्रयोगशाळेत क्वचितच तपासता येतं. ते टेबल म्हणजे अमेरिकी कॅसिनोतला क्रॅप्स हा फाशांचा खेळ. जुगार शिकवायचा माझा हेतू नाही. पण एखादा दावा कसा तपासायचा, हे शिकायला यापेक्षा सोपं उदाहरण मला सापडलेलं नाही.

खेळ आणि दावा

क्रॅप्समध्ये दोन फासे फेकतात. फेकणाऱ्याला शूटर म्हणतात. पहिल्या फेकीत ७ किंवा ११ आले तर मुख्य पैज जिंकली, २, ३ किंवा १२ आले तर हरली. दुसरी कुठलीही बेरीज आली की ती ठरते 'पॉइंट'. मग पॉइंट पुन्हा येईपर्यंत फेकत राहायचं. त्याआधी ७ आला तर खेळ संपला. दोन फाशांच्या ३६ शक्यतांपैकी ६ मध्ये बेरीज ७ येते, म्हणजे सरासरी दर सहा फेकींत एकदा. या मुख्य पैजेत १०० डॉलर लावले तर कॅसिनोला सरासरी जेमतेम १ डॉलर ४१ सेंट सुटतात. फरक इतका बारीक, की कुणालाही वाटावं, 'पॉइंट ठरल्यावर सात थोडे कमी पाडता आले, तर बाजी उलटेल.'

काही खेळाडूंचा दावा नेमका हाच आहे. याला 'डाइस कंट्रोल' म्हणतात. फासे ठरावीक पद्धतीने जुळवून धरायचे, हलक्या हाताने असे सोडायचे की दोन्ही एकाच आडव्या अक्षाभोवती फिरत जातील, आणि समोरच्या भिंतीला हळूच टेकून थांबतील. त्यासाठी लोक घरी सरावाचं टेबल मांडतात, पैसे भरून वर्ग करतात, हजारो वेळा फेकतात. हात बसला की सहाऐवजी सात फेकींत एकदाच ७ येईल, ही आशा.

हसण्याआधी दाव्याचं गणित बघा. संशोधनात ही सवय लावून घ्या : दावा खोटा ठरवायच्या आधी तो खरा असेल तर काय दिसेल, ते मांडायचं.

फाशाच्या समोरासमोरच्या बाजूंची बेरीज सात असते. समजा, पहिल्या फाशाच्या डाव्या-उजव्या बाजूंना १ आणि ६ ठेवले. तो अक्षावरून ढळलाच नाही, तर वर येणार २, ३, ४ किंवा ५. दुसऱ्याच्या डाव्या-उजव्या बाजूंना २ आणि ५ ठेवले. त्यावर येणार १, ३, ४ किंवा ६. एकूण शक्यता १६, आणि त्यांत सातच्या फक्त दोन : ३-४ आणि ४-३. म्हणजे आठात एक! पण दोन्ही फाशांवर १-६ हाच अक्ष धरला आणि ते आपापले स्वतंत्र फिरले, तर १६ पैकी ४ वेळा सात येतो, म्हणजे चारात एक. फासे कसे धरले यावर फायदा की तोटा ते ठरतं. दावा वाऱ्यावरचा नाही, त्यामागे यंत्रणा आहे.

अडचण भिंतीशी आहे. कॅसिनोचा नियम असा, की दोन्ही फासे समोरच्या भिंतीला लागले पाहिजेत. आणि त्या भिंतीवर पिरॅमिडसारखे रबरी उंचवटे बसवलेले असतात. सुटताना केसभर असलेला फरक अशा उंचवट्यावर आपटला की मोठा होतो. सरावाने हात एकसारखा होईल हे पटण्यासारखं आहे. पण एकसारखी फेक भिंतीपलीकडे टिकते का, हा वेगळा प्रश्न आहे. हे दोन प्रश्न लोक एकच समजतात.

सराव कशातून शिकवतो

नुसत्या आवर्तनाने कौशल्य येत नाही. प्रत्येक प्रयत्नानंतर 'बरोबर' किंवा 'चूक' असं उत्तर मिळावं लागतं, आणि त्या उत्तरावर विश्वास ठेवता यावा लागतो. डॅनियल कानेमन आणि गॅरी क्लाइन या दोन मानसशास्त्रज्ञांची अनुभवी माणसाच्या अंतःप्रेरणेबद्दलची मतं एरवी विरुद्ध टोकांची. पण २००९ च्या त्यांच्या संयुक्त लेखात एका गोष्टीवर त्यांचं एकमत झालं : परिस्थितीत नियमितपणा असेल आणि ती शिकण्याची पुरेशी संधी मिळत असेल, तरच अनुभवी माणसाच्या अंदाजावर भरवसा ठेवावा.

आता सराव करणारा शूटर डोळ्यांसमोर आणा. तो रोज ३६ वेळा फेकतो आणि सात मोजतो. हातात काहीही कौशल्य नसलं तरी सरासरी ६ वेळा सात येणार, आणि प्रमाण विचलन सव्वादोनच्या आसपास. म्हणजे आठवड्यातून साधारण एक दिवस तीन किंवा त्याहून कमी सात येतील आणि तो म्हणेल, 'आज जमलं, मनगट असंच ठेवायचं.' एखाद्या दिवशी नऊ किंवा जास्त येतील आणि तो पकड बदलेल. तो मन लावून शिकतोय, पण शिकतोय गोंगाटाकडून. जेम्स हेन्सलिन या समाजशास्त्रज्ञाने १९६७ मध्ये सेंट लुईसच्या टॅक्सीचालकांच्या क्रॅप्सबद्दल लिहिलं होतं. लहान आकडा हवा असला की ते फासे हळू फेकत, मोठा हवा असला की जोरात. ती माणसं मूर्ख नव्हती. चुकीचं उत्तर अधूनमधून 'बरोबर' म्हणून हातात पडलं, की असंच होतं.

'पण फलाण्याने तासन्‌तास सात पडू दिला नाही' अशा गोष्टीही पुरावा म्हणून सांगतात. मे २००९ मध्ये अटलांटिक सिटीच्या बोर्गाटा कॅसिनोत एका महिलेची पाळी १५४ फेकी चालली, ४ तास १८ मिनिटं. एवढी लांब पाळी यायची शक्यता सुमारे ५६० कोटींत एक. आणि ती बाई क्रॅप्स खेळत होती आयुष्यात दुसऱ्यांदा! लाखो लोक वर्षानुवर्षं फेकत असले की कुणाच्या तरी वाट्याला अशी पाळी येते. टोकाचं एक उदाहरण कौशल्याबद्दल काहीच सांगत नाही.

पाचशे फेकींची पैज

मग तपासायचं कसं? २००४ मध्ये जुगाराच्या गणितावर लिहिणारे स्टॅनफर्ड वाँग यांनी सरळ पैज लावली : सराव केलेले शूटर ५०० वेळा फेकतील आणि सात ७९.५ पेक्षा कमी येतील. निव्वळ योगायोगाने अपेक्षित होते ८३.३. प्रत्यक्षात आले ७४. वाँग पैज जिंकले.

इथे थांबा आणि स्वतःला विचारा : सिद्ध झालं का?

कसलंही कौशल्य नसताना ५०० फेकींत ७४ किंवा कमी सात येण्याची शक्यता सुमारे १४ टक्के आहे. आपण सहसा ५ टक्क्यांची रेघ मानतो, तिथे हे बसत नाही. म्हणजे दावा खोटा ठरला का? तेही नाही. शूटर खरोखर सातात एक या प्रमाणात फेकत असता, तर सरासरी ७१ च्या आसपास सात आले असते, आणि ७४ त्याच्या अगदी जवळ आहे. मुळात ५०० फेकींची चाचणीच तोकडी होती. दावा शंभर टक्के खरा असता, तरी ५ टक्क्यांच्या रेघेवर तो पकडला जायची शक्यता ४० टक्क्यांच्या आसपासच होती. यालाच आपण चाचणीची 'पॉवर' म्हणतो. पीएचडीच्या मुलाखतीत व्याख्या विचारली तर हे उदाहरण सांगा, लक्षात राहील.

ही पॉवर ८० टक्के हवी असेल तर सहाऐवजी सातात एक हा फरक ओळखायला सुमारे १,४५० फेकी लागतात. साडेसहात एक एवढाच फरक असेल तर ५,१०० च्या आसपास. परिणाम निम्मा झाला की नमुना जवळजवळ चौपट लागतो. बारीक परिणाम खरे असू शकतात, पण त्यांची किंमत मोजावी लागते. नाणं ज्या बाजूने उडवलं त्याच बाजूने पडण्याकडे किंचित कल असतो, हे दाखवायला २०२३ मध्ये ४८ जणांनी मिळून ३,५०,७५७ वेळा नाणं उडवलं, तेव्हा उत्तर आलं ५०.८ टक्के.

योग्य गोष्ट मोजा

पण १,४५० फेकी हा एकच मार्ग नाही. दावा काय होता? फासे अक्षावर टिकतात. मग सात कशाला मोजायचे? अक्षच मोजू.

हात बसलेला नसेल, तर एक फासा अक्षावर दिसण्याची शक्यता २/३ आणि दोन्ही दिसण्याची ४/९, म्हणजे ४४ टक्के. आता समजा, काही फेकींत दोन्ही फासे अक्ष पक्का धरतात आणि बाकीच्या फेकी निव्वळ योगायोगाच्या असतात. पहिल्या प्रकारात सात आठात एक, दुसऱ्यात सहात एक. एकंदर प्रमाण सातात एक यायचं, तर ५७ टक्के फेकींत अक्ष टिकायला हवा. तसं झालं तर दोन्ही फासे अक्षावर दिसतील ७६ टक्के वेळा. ४४ विरुद्ध ७६! हा फरक ओळखायला वीस-पंचवीस फेकी पुरतात. २५ फेकींत योगायोगाने ११ अपेक्षित, दावा खरा असेल तर १९.

दावा तोच, फासे तेच. मोजायची गोष्ट यंत्रणेच्या जवळ आणली आणि दीड हजार फेकींचं काम पंचविसात आलं. सरावालाही हेच लागू. रोजचे सात मोजणाऱ्याला गोंगाट ऐकू येतो. फोनवर स्लो मोशनमध्ये फेक टिपून 'भिंतीनंतर अक्ष टिकला का' हे बघणाऱ्याला प्रत्येक फेकीगणिक उत्तर मिळतं. उत्तर 'नाही' असेल तर तेही दोन दिवसांत कळतं, दोन वर्षं आणि खिसा रिकामा व्हायची वाट बघावी लागत नाही.

माझे सहा महिने

आता माझी गोष्ट. काचेवर ठेवलेल्या पाण्याच्या थेंबाचा काचेशी होणारा कोन मोजायचा, हे माझं काम. फोटो काढायचा, थेंबाच्या कडेला स्पर्शरेषा हाताने आखायची, कोन वाचायचा. सुरुवातीला चाचपडत होते. सहा महिन्यांत रेघ झरझर पडायला लागली. साधी काच आणि लेप दिलेली काच यांत ६ अंशांचा फरक मिळाला. हात बसला होता ना!

मग एका लॅबमेटने सहज म्हणून ६० फोटोंची नावं बदलली, प्रत्येक फोटो दोनदा घातला आणि सगळे मिसळून माझ्यासमोर ठेवले. कुठली काच कुठली, मला माहीत नाही. निकाल बघून घसा कोरडा पडला. एकाच फोटोच्या माझ्याच दोन वाचनांत ४-४ अंशांचा फरक होता, आणि दोन काचांमधला फरक उरला होता जेमतेम २ अंश. सहा महिन्यांत वाढला होता तो वेग आणि आत्मविश्वास. कुठली काच समोर आहे हे माहीत असल्यामुळे रेघ आपोआप 'हव्या' बाजूला झुकत होती. माझा शूटर झाला होता. गाईड सर एवढंच म्हणाले, "बरं झालं, परीक्षकांच्या आधी आपल्याला कळलं."

नंतर मी संगणकावर थेंबांची चित्रं काढली, ज्यांचा खरा कोन आधीच माहीत होता. नाव न बघता मोजायचं, लगेच उत्तर ताडून बघायचं. तीन आठवड्यांत वाचनांतला फरक दीड अंशावर आला. सहा महिन्यांत जे झालं नाही ते तीन आठवड्यांत झालं. हात तोच होता, फक्त आता त्याला खरं उत्तर मिळत होतं.

म्हणून सिनॉप्सिस लिहायला बसण्याआधी चार प्रश्न वहीत लिहून ठेवा. माझ्या प्रत्येक प्रयत्नाला खरं उत्तर कुठून मिळतं? मी जे मोजतेय ते यंत्रणेच्या किती जवळ आहे? दावा खरा असेल तर माझ्या नमुन्यात तो दिसण्याची शक्यता किती? आणि नमुना कुठला हे माहीत नसताना मला तेच उत्तर मिळेल का? चौथ्यासाठी फक्त एक मित्र आणि एक दुपार लागते. ती दुपार पहिल्याच महिन्यात काढा. मी सातव्या महिन्यात काढली.