लहान बालकांतील रक्तक्षय : वेळीच ओळख, वेळीच उपचार

"बाळ दूध भरपूर पिते, अंगानेही भरलेले आहे, मग रक्त कमी कसे?" मुरुड परिसरातील खेड्यांतून बालरुग्ण विभागात येणाऱ्या आजीबाईंचा हा प्रश्न आम्हांस नेहमी ऐकावयास मिळतो.

पूर्ण दिवसांचे बाळ जन्मतःच लोहाचा साठा घेऊन येते. तो साधारणतः सहा महिने पुरतो. कमी वजनाच्या बाळाचा त्याआधीच संपतो. त्यानंतरची भरपाई वरच्या आहारातूनच व्हावी लागते. गाई-म्हशीच्या दुधात लोह अत्यल्प असल्याने केवळ दुधावर वाढणारे मूल गुटगुटीत दिसूनही रक्तक्षयाने ग्रस्त असू शकते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षे वयोगटात हे प्रमाण २०१५-१६ मध्ये ५३.८ टक्के होते. २०१९-२१ मध्ये ते ६८.९ टक्के झाले.

हा विकार हळूहळू येतो आणि घरच्यांच्या नजरेला फिकेपणाची सवय होते. म्हणून बाळाचा तळहात घरातील निरोगी व्यक्तीच्या तळहाताशेजारी धरून उजेडात पाहावा. आई स्वतःच अशक्त असल्यास तुलना फसते. खालच्या पापणीची आतील बाजू, जीभ व नखेही पाहावीत. मलूलपणा, चिडचिड, खाण्यास नकार, माती खाणे ही लक्षणे दुर्लक्षू नयेत. दूध पिताना धाप लागल्यास बाळाला तत्काळ रुग्णालयात आणावे.

निदान रक्ततपासणीनेच होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या निकषांनुसार दोन वर्षांखालील बालकांत (सहा महिन्यांपासून पुढे) हिमोग्लोबिन १०.५ ग्रॅमपेक्षा व दोन ते पाच वर्षांत ११ ग्रॅमपेक्षा कमी असल्यास रक्तक्षय समजतात. लोहाचे औषध डॉक्टरांच्या सल्ल्यानेच द्यावे. थॅलेसेमियासारख्या आजारात ते अपायकारक ठरू शकते. औषधाने शौचास काळी होते, त्यास घाबरून ते थांबवू नये. हिमोग्लोबिन सुधारल्यावरही साठा भरून येण्यास आणखी दोन-तीन महिने औषध लागते.

सहा महिन्यांनंतर स्तनपानासोबत घट्ट वरणात कुस्करलेली भाकरी, शिजवलेली पालेभाजी, वर लिंबाचे दोन थेंब आणि चालत असल्यास अंडे द्यावे. चहा मात्र देऊ नये. त्याने अन्नातील लोह अंगी लागत नाही.

पहिल्या दोन वर्षांत मेंदूची वाढ झपाट्याने होते. त्या काळातील लोहाची उणीव पुढे भरून काढली, तरी बुद्धीच्या वाढीची हानी पूर्णपणे भरून येईलच असे नाही. म्हणूनच वेळेवर झालेली एक साधी रक्ततपासणी आम्ही मोलाची मानतो.