खेळ मांडताना (भाग ७) : कवचकुंडलांचा भाव

मागच्या आठवड्यात फाशांचं गणित झालं. आजचा प्रश्न भूमिकाप्रधान गेम रचणाऱ्यांना फार छळतो. खेळाडूनं गाव वाचवलं तर त्याला काय द्यायचं, आणि लुटलं तर काय?

'दोघांना सारखंच द्या' हे उत्तर पटकन सुचतं. २००७ च्या 'बायोशॉक'मध्ये ते आकड्यांत दिसतं. समुद्राखालच्या उद्ध्वस्त शहरात लहान मुली भेटतात. मुलीचा बळी घेतला तर १६० 'अ‍ॅडम' मिळतं, तिला सोडवलं तर ८०. नव्या शक्ती या अ‍ॅडमवरच मिळतात, तेव्हा भलेपणा चांगलाच महाग वाटतो. पण तीन मुली सोडवल्या की २०० अ‍ॅडमची भेट येते, सोबत काही खास वस्तूही. आता बेरीज करा : तिघींना मारून ४८०, वाचवून ४४०. हात थरथरायचं कारणच उरलं नाही. चाळीसच्या फरकासाठी कोण पापी होईल, आणि चाळीस सोडले म्हणून कोण पुण्यवान ठरेल?

याहून कसलेली रचना आपल्या ओळखीची आहे. आजऱ्यात १९४० साली जन्मलेल्या शिवाजी सावंतांनी 'मृत्युंजय'मधून (१९६७) मराठी घरांत नेलेला कर्ण आठवा. दारात याचक म्हणून इंद्र उभा आहे. कवचकुंडलं दिली तर जन्मभराचं संरक्षण जाणार. बदल्यात मिळते ती अमोघ शक्ती, पण एकदाच वापरायची. कायमचा बचाव देऊन एकच हमखास वार घ्यायचा! या दोन्हींची किंमत एका मापानं मोजताच येत नाही, म्हणून निवड जड जाते. शिवाय हिशेब तिथंच मिटत नाही. अर्जुनासाठी राखलेली शक्ती घटोत्कचावर खर्ची पडते आणि जुन्या दानाची किंमत ऐन युद्धात चुकती करावी लागते. युद्धाआधी पांडवांकडे येण्याचा कृष्णाचा प्रस्तावही तसाच. तिकडे सिंहासन, इकडे दुर्योधनाला दिलेला शब्द. या शब्दावर एखाद्यानं शंभर सुवर्णमुद्रांचं बक्षीस ठेवलं असतं, तर कर्णाचा कारकून झाला असता.

टोबी फॉक्सच्या 'अंडरटेल'ला (२०१५) हे नेमकं कळलंय. कुणालाच मारलं नाही, तर तुमची ताकद वाढत नाही. २० जीवनांकांवर शेवटपर्यंत निभवायचं. मिळतात ते मित्र. सरसकट कत्तल केली तर अंगात बळ येतं खरं, पण त्या वाटेवरची शेवटची लढत सगळ्या खेळात अवघड. आणि ती वाट पूर्ण केली, की पुढं पहिल्यापासून खेळून सज्जनपणे शेवट गाठला तरी त्या शेवटावर जुना डाग उमटतो.

मला खरा राग आहे तो भल्याबुऱ्याच्या मीटरचा. 'मास इफेक्ट'मध्ये भलेपणाचे आणि रगेलपणाचे गुण वेगवेगळे साठतात, आणि मन वळवणारे खास संवाद त्या साठ्यावर खुले होतात. मग खेळाडू प्रत्येक प्रसंगी विचार कशाला करेल? सुरुवातीला एक बाजू धरायची आणि पुढं डोळे मिटून तेच बटण दाबायचं. ती मालिका करणाऱ्या बायोवेअरच्या एका माजी कर्मचाऱ्यानं २०२० मध्ये सांगितलं होतं, की सुमारे ९२ टक्के खेळाडू भलेपणाच्याच वाटेनं गेले. दुसऱ्या वाटेसाठी लिहिलेले, आवाज दिलेले सगळे प्रसंग उरलेल्या मूठभरांच्या वाट्याला!

पुढच्या भागात 'पेपर्स, प्लीज' (२०१३) : सीमेवरचा कारकून, कागदपत्रं अपुरी असलेली एका प्रवाशाची बायको, आणि तिला आत सोडल्यास पगारातून होऊ शकणारी कपात.