दांडपट्टा

मुलांनो, शिवजयंतीची मिरवणूक तुम्ही पाहिली असेल. सातारा-सांगलीकडे मिरवणुकीच्या पुढे लेझीम असते आणि तिच्यामागे मर्दानी खेळ. कित्येक गावांत मोहरमच्या मिरवणुकीतही काठी व पट्टा फिरवतात. ताशा वाजू लागतो. एक खेळाडू मध्ये येतो. त्याचा हात कोपरापर्यंत लोखंडात झाकलेला असतो आणि हातापुढे लांब पाते चमकते. पाते इतक्या वेगाने फिरते, की ते डोळ्यांना दिसत नाही. फक्त त्याचा आवाज ऐकू येतो. या शस्त्राला दांडपट्टा म्हणतात.

दांडपट्टा तलवारीसारखा दिसतो. पण त्याची रीत वेगळी आहे. तलवारीची मूठ धरली, तरी मनगट मोकळे राहते. पट्ट्याला मात्र खोबळा असतो. खोबळा म्हणजे हात झाकणारे लोखंडी कवच. त्याच्या आत आडवी मूठ असते. ती धरली, की हात आणि पाते एका रेषेत येतात आणि मनगट वळत नाही. म्हणून पट्टा खांद्याने, कमरेने आणि पायांनी फिरवावा लागतो. त्याचे पाते सरळ, पातळ, लवचीक आणि दुधारी असते. त्याची लांबी साधारण चार फूट असते. चारही बाजूंनी शत्रू आले, तरी पट्टेकरी गोल फिरत त्यांना दूर ठेवू शकत असे. पण पाऊल चुकले, तर तेच पाते स्वतःला लागण्याची भीती असते.

यासाठी नवशिक्याच्या हाती पट्टा देत नाहीत. आधी पायांचे पवित्रे शिकवतात. मग काठी येते. त्यानंतर फरी-गदगा येतो. फरी म्हणजे लहान ढाल आणि गदगा म्हणजे चामडे मढवलेली काठी. हे सारे अंगवळणी पडले, म्हणजे पट्टा मिळतो. तयार खेळाडू दुसऱ्याच्या तळहातावरचे लिंबू कापतो. पण तळहाताला ओरखडाही येत नाही. हे धाडस घरी कोणी करू नये. वस्तादांशिवाय ही विद्या येत नाही.

'वस्ताद' हा शब्द तुम्ही ओळखला का? तो तुमचा 'उस्ताद' आहे. 'तालीम' म्हणजे उर्दूत शिक्षण. मराठीत कुस्ती व कसरत शिकण्याची जागा. 'मर्दानी' शब्द तर तुम्हांला ठाऊकच आहे. 'लेझीम' हा शब्द फारसीतून आला. व्यायामासाठी वापरायच्या, साखळी लावलेल्या धनुष्याला फारसीत तसे नाव होते. शस्त्रे हातोहात फिरली, तसे शब्दही फिरले.

आता दूरच्या एका बेटाकडे पाहू. जपानच्या दक्षिणेला ओकिनावा नावाचे बेट आहे. तेथील जुन्या शस्त्रविद्येला कोबुदो म्हणतात. तिच्यात 'बो' म्हणजे सुमारे सहा फुटी काठी, 'कामा' म्हणजे विळा, 'एकू' म्हणजे होडीचे वल्हे. शस्त्रबंदी झाल्यामुळे शेतकऱ्यांनी अवजारांनाच शस्त्रे बनवले, अशी कथा सांगतात. सर्व इतिहासकारांना ती मान्य नाही. तरीही विळा आणि वल्हे ही मुळात कष्टकऱ्यांची साधने आहेत, हे खरे.

आपल्याकडे उलटे घडले. येथे युद्धाचे शस्त्र खेळाचे साधन झाले. बंदुका आल्या, लढाईची पद्धत बदलली. १८७८ साली इंग्रज सरकारने शस्त्रांचा कायदा केला आणि परवान्याशिवाय हत्यार बाळगणे अवघड झाले. पट्टा रणांगणावरून गेला. पण वस्तादांनी तो तालमीत जपला.

२०२४ साली महाराष्ट्र शासनाने दांडपट्ट्याला राज्यशस्त्र म्हणून मान दिला. जुनी शस्त्रे साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात पाहायला मिळतात. मात्र काचेच्या कपाटात फक्त लोखंड टिकते. पवित्रे टिकतात ते शिकणाऱ्याच्या पायांत. एका पिढीने शिकणे सोडले, तर पुढच्या पिढीला शिकवणार कोण?

म्हणून पुढच्या मिरवणुकीत पट्टा फिरू लागला, की नुसते पात्याकडे पाहू नका. खेळाडूच्या पायांकडे पाहा. खरी विद्या तेथे आहे.