पिवळा दिवा, तांबडा दिवा

एकाने बोलावे आणि अनेकांनी ते त्याच क्षणी आपापल्या भाषेत ऐकावे, ही किमया आज सभागृहांत नित्याची झाली आहे. पूर्वी वक्ता थांबला की दुभाषी त्याचे बोलणे दुसऱ्या भाषेत सांगे. भाषा जितक्या अधिक, तितका वेळ अधिक.

न्यूरेंबर्ग येथे २० नोव्हेंबर १९४५ रोजी नाझी नेत्यांवरील खटला सुरू झाला, तेव्हा हा संथ मार्ग परवडणारा नव्हता. न्यायाधीश चार राष्ट्रांचे, आरोपी जर्मन, आणि शिक्षा फाशीचीही होऊ शकत होती. अशा वेळी आपल्यावरील आरोप आपल्याच भाषेत कळणे, हा आरोपीचा हक्कच होय. म्हणून तेथे आय.बी.एम. कंपनीची यंत्रणा बसविण्यात आली. आसनापाशी हेडफोन व एक चकती असे. चकती फिरवावी आणि मूळ भाषण किंवा इंग्रजी, रशियन, फ्रेंच, जर्मन यांपैकी हवी ती भाषा ऐकावी. काचेच्या आडोशामागे दुभाषी बसत. वक्ता घाई करू लागला की पिवळा दिवा लागे, म्हणजे 'सावकाश'. तांबडा लागला की 'थांबा'.

श्रोतेहो, यंत्र आवाज पोचविते. अर्थ पोचवितो तो माणूस. जर्मन वाक्यात क्रियापद पुष्कळदा अखेरीस येते. ही अडचण आपणां मराठी भाषकांस सहज उमगेल. 'हा आरोप मला मान्य' इथवर ऐकून पुढे 'आहे' येणार की 'नाही', हे दुभाष्याने कसे ओळखावे?

आपल्या लोकसभेत ७ सप्टेंबर १९६४ पासून इंग्रजी व हिंदी यांच्यापुरती अशी सोय सुरू झाली. आता दुभाष्यांचे कक्ष ध्वनिरोधक असतात व दोघे आळीपाळीने बोलतात. काही ठिकाणी आवाज अवरक्त किरणांवाटे श्रोत्यापर्यंत जातो. हे किरण भिंतीपार जात नसल्याने गुप्त बैठकींस ते सोयीचे पडतात.

एका बैठकीत मी लेखी निवेदन भरभर वाचून गेलो. मान वर करून पाहतो तो समोरच्या अनेकांनी हेडफोन काढून ठेवलेले! यंत्र निर्दोष होते, दुभाषीही निष्णात होता. दोष माझाच होता. तेव्हापासून मी निवेदनाची प्रत दुभाष्याकडे आधी पाठवितो, मायक्रोफोनपासून तोंड वळवीत नाही, आणि पिवळा दिवा समोर नसला तरी तो मनात तेवता ठेवतो.