मासे मरतात, बदनाम होतं मांजर

परसात सिमेंटचा हौद, त्यात चार गोल्डफिश, मूठभर गप्पी मासे आणि काठावर दबा धरून बसलेलं मांजर. चिखलदऱ्यात असा हौद बांधला की येणारा-जाणारा मालकाला बजावून जाणारच. एखाद्या सकाळी मासा उताणा तरंगताना दिसला की निकालही लगेच लागतो: "मांजरानंच मारला असन!" पण मांजराच्या तावडीत सापडलेला मासा तरंगायला उरतो कुठे? हौदात मेलेला मासा सापडला, तर आरोपी बहुतेक वेळा दुसराच असतो.

आधी मांजराची बाजू ऐकू. पाण्यातून हवेत येताना प्रकाशकिरण वाकतात, त्यामुळे वरून पाहणाऱ्याला मासा असतो त्याहून वर दिसतो. एक हात खोल असलेला मासा सरळ वरून पाहिला तर पाऊण हातावर भासतो. काठावरून तिरकं पाहिलं की फसगत आणखी वाढते, आणि पंजा भलतीकडेच पडतो. माशाच्या अंगावर दोन्ही बाजूंना पार्श्वरेखा असते. पाण्यातली बारीकशी हालचालही तिला कळते. पाण्याला धक्का बसताच मेंदूतल्या माउथनर या मोठ्या चेतापेशी इशारा देतात आणि सेकंदाच्या साधारण शंभराव्या भागात माशाचं अंग धनुष्यासारखं वाकू लागतं आणि तो निसटतो. दोन फूट खोली आणि तळाशी लपायला फुटका माठ असला, तर मांजराच्या हाती सहसा ओला पंजाच लागतो. माशांना खरा धाक खंड्याचा, ढोकरीचा आणि पावसाळ्यात हौदात शिरणाऱ्या विरोळ्याचा.

काठावरचं मांजर पुष्कळदा पाणीच पीत असतं. ते कुत्र्यासारखं जिभेत पाणी उचलत नाही. जिभेचं टोक मागे वळवून पाण्याला नुसतं टेकवतं आणि झटकन वर खेचतं. जिभेमागोमाग पाण्याचा बारीक स्तंभ वर चढतो. तो खाली कोसळण्याआधी मांजर तोंड मिटतं. सेकंदाला तीन-चार वेळा हे चालतं. रोमन स्टॉकर या शास्त्रज्ञाला आपल्या मांजराला पाणी पिताना पाहून हे कोडं पडलं आणि 2010 मध्ये त्यांनी व सहकाऱ्यांनी ते सोडवलं.

मग मासे मरतात कशानं? चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे 1118 मीटर उंचीवर आहे. इथली हवा विरळ, त्यामुळे त्याच तापमानाच्या पाण्यात प्राणवायू समुद्रसपाटीपेक्षा साधारण आठवा हिस्सा कमी विरघळतो. पण पाणी जितकं गार, तितका त्यात प्राणवायू जास्त मावतो. अमरावतीच्या उन्हाळ्यात हौदाचं पाणी 30 अंशांवर गेलं तर लिटरमागे सव्वासात मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू राहतो. चिखलदऱ्याच्या 20 अंशांच्या पाण्यात तो आठाच्या जवळ जातो. म्हणजे उंचीनं जे नेलं, ते गारव्यानं भरून दिलं. शिवाय मासे थंड रक्ताचे, त्यामुळे गार पाण्यात त्यांची प्राणवायूची गरजही घटते.

पंचाईत होते ती पावसाळ्यात. शेवाळं आणि पाणवनस्पती दिवसा प्राणवायू सोडतात आणि रात्री तोच वापरतात. इथलं धुकं दिवसदिवस हटत नाही. ऊन नाही म्हणून कमाई घटते, रात्रीचा खर्च मात्र चालूच. पहाटे मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करताना दिसले, तर ती भूक समजून खाद्य टाकू नका. त्यांचा जीव गुदमरतोय. वरून बारीक धारेनं पाणी पडू द्या किंवा छोटा पंप लावा.

दुसरा आरोपी म्हणजे आपलीच सैल मूठ. मासे कल्ल्यांवाटे अमोनिया टाकतात आणि उरलेलं खाद्य कुजूनही तोच तयार होतो. एका प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. पहिली दोन्ही विषारी, नायट्रेट त्या मानानं निरुपद्रवी आणि झाडांना उपयोगी. ही जिवाणूंची वस्ती जमायला चार ते सहा आठवडे लागतात. नवा हौद भरून दुसऱ्याच दिवशी डझनभर मासे सोडले, किंवा दिवाळीच्या साफसफाईत हौद घासून लख्ख केला, तर पाण्यात पुरेसे जिवाणूच नसतात आणि मासे जातात. म्हणून पाणी थोडं थोडं बदलावं. नळाचं असेल तर आधी दिवसभर उघडं ठेवावं, म्हणजे बराचसा क्लोरीन उडतो. बदललेलं पाणी भाजीच्या वाफ्यात सोडावं. हिवाळ्यात पाणी 10 अंशांच्या खाली उतरलं की गोल्डफिशचं पचन मंदावतं, तेव्हा खाद्य बंदच ठेवावं.

चिखलदऱ्याच्या घराला आणखी एक पथ्य आहे. भोवती 1974 पासूनचा मेळघाट व्याघ्र प्रकल्प आहे. तिथे रानमांजर आहे, आणि जगातल्या सर्वांत लहान मार्जारांपैकी एक, जेमतेम किलो-दीड किलोची वाघाटीसुद्धा. घरच्या मांजराचे रोग या रानातल्या भाऊबंदांना लागू शकतात. त्याला लस टोचून घ्या, नसबंदी करा आणि रात्री घरात ठेवा, कारण बिबट्याला मांजर वर्ज्य नाही. गप्पी डासांच्या अळ्या फस्त करतात खरे, पण ते मूळचे दक्षिण अमेरिकेतले. जास्त झाले म्हणून ओढ्यात सोडू नका. इथल्या सिपना, गडगा, खंडू या नद्या पुढे तापीला मिळतात, आणि एकदा प्रवाहात फैलावलेला परका मासा परत गोळा करता येत नाही.

तेव्हा सकाळी मासा उताणा दिसला, तर मांजराला हाकलण्याआधी पाणी हुंगून बघा आणि काल खाद्य किती टाकलं होतं ते आठवा.